शाळेतील मुलांच्या त्वचेचे नित्याचे विकार

प्राथमिक शाळेतील शिक्षकास मुलाचे हात जितके दिसतात तितके ते डॉक्टरांस दिसत नाहीत, आणि पुष्कळदा आईसही दिसत नाहीत. पाटीवर किंवा वहीवर अक्षर गिरविताना, पोषण आहाराच्या पंगतीत, कवायतीच्या वेळी हे हात रोज त्याच्या डोळ्यांपुढून जातात. सबब त्वचेचे विकार प्रथम कोणाच्या लक्षात यावयाचे असतील तर ते शिक्षकाच्याच. प्रस्तुत लेखिकेने ग्रामीण भागातील उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आहे. त्या अनुभवातून, शिक्षकबंधुभगिनींना रोजच्या कामात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी येथे मांडीत आहे. शिक्षकाने डॉक्टर व्हावे अशी अपेक्षा नाही. काय पाहावे, कोणास कळवावे आणि काय करू नये, एवढे त्यास ठाऊक असले म्हणजे पुरे.

शाळेत सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत अधिक शाळा बुडविणारा विकार म्हणजे खरूज. हा रक्तदोषाने होतो, उष्णतेने होतो, गूळ किंवा वांगी खाल्ल्याने होतो, अशा समजुती आजही ऐकू येतात. वस्तुतः खरूज एका अतिसूक्ष्म किड्यामुळे होते. इटलीतील बोनोमो व चेस्तोनी या दोघांनी 1687 साली सूक्ष्मदर्शकाखाली हा किडा पाहून त्याचे वर्णन केले. म्हणजे ज्या रोगांचे खरे कारण मनुष्यास सर्वांत आधी सापडले त्यांपैकी हा एक, आणि तरीही जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याची भर घातली. कारण माहीत असणे आणि रोग हटणे यांत किती अंतर असते ते यावरून दिसते.

किड्याची मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदा पोखरते आणि त्यात रोज दोनतीन अंडी घालते. तीनचार दिवसांत अंडी फुटतात. एका रोग्याच्या अंगावर असे किडे सामान्यतः दहापंधराच असतात; परंतु त्यांच्याविरुद्ध शरीरात जी प्रतिक्रिया उठते तिच्यामुळे सर्वांगास खाज सुटते. ही प्रतिक्रिया उत्पन्न होण्यास पहिल्या खेपेस चार ते सहा आठवडे लागतात. ही गोष्ट शिक्षकाने नीट ध्यानात घ्यावी, कारण सारी मेख येथेच आहे. आज ज्या मुलास खाज नाही त्याच्या अंगावर किडे नाहीत असे मुळीच ठरत नाही. घरातील एक मूल खाजवीत असते आणि बाकीचे पाचजण निर्धास्त असतात. त्या पाचांपैकी दोघेतिघे महिन्याभराने खाजवू लागणार असतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. खाज रात्री वाढते. मुलास नीट झोप येत नाही व ते वर्गात पेंगते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाच्या आतल्या बाजूस, बेंबीभोवती, कमरेस, कुल्ल्यांवर आणि जांघांत बारीक पुळ्या दिसतात. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर व डोक्यावरही त्या येतात. वर्गातील पेंगणाऱ्या मुलास आळशी म्हणण्यापूर्वी त्याची बोटे पाहावीत, एवढी विनंती आहे.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. तिसरीतील एका मुलास खरूज झाली म्हणून गुरुजींनी त्यास घरी धाडले, आणि आईने त्यास माझ्याकडे आणले. मी औषधाची एक बाटली दिली, लावण्याची रीत सांगितली व नोंदवहीत नाव लिहिले. मूल बरे होऊन शाळेत गेले. तीन आठवड्यांनी ते पुन्हा खाजवीत आले. मी पुन्हा बाटली दिली. तिसऱ्या वेळी मात्र ते आलेच नाही. बाप ऊसतोडीस निघाला होता, त्याने मुलासही बरोबर नेले. शाळेतून तर रोज परतच पाठवितात, मग येथे ठेवून काय करावयाचे, असे तो म्हणाला. पुढे त्यांच्या वस्तीवर दुसऱ्या कामासाठी गेले तेव्हा मला उलगडा झाला. आजी, दोन बहिणी, धाकटा भाऊ आणि हे मूल अशी पाचजणे दोन गोधड्यांवर निजत, आणि त्यांतील चौघांना मी औषध दिलेलेच नव्हते. मुलगा दर वेळी बरा होत होता आणि दर वेळी आपल्याच अंथरुणातून पुन्हा रोग घेत होता. दिवाळीनंतर गेलेला तो मुलगा उन्हाळ्यात परत आला. त्या साली त्याचे वाचन जे मागे पडले ते पुढे कधी नीट भरून निघाले नाही.

म्हणून खरजेचे औषध रोग्यास द्यावयाचे नसते, घरास द्यावयाचे असते. एका छपराखाली निजणाऱ्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री ते लावावयास हवे. हल्ली यासाठी पाच टक्के परमेथ्रिनचे मलम वापरतात. सायंकाळी अंग धुऊन, पुसून कोरडे करावे व थंड होऊ द्यावे. नंतर मानेपासून तळपायापर्यंत सर्वत्र मलम चोळावे. जेथे पुळ्या आहेत तेवढ्याच जागी लावणे ही नेहमीची चूक होय. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, बेंबी, काखा, गुह्यभाग यांपैकी काहीही सोडू नये. दोन वर्षांखालील मुलांच्या व वृद्धांच्या डोक्यास व चेहऱ्यासही डोळे आणि तोंड वगळून लावावे लागते. मध्ये हात धुतले तर हातांस पुन्हा लावावे. रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास ठेवून सकाळी स्नान करावे. अंगावरचे कपडे व पांघरुणे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. जी गोधडी धुणे शक्य नाही ती पिशवीत बांधून आठवडाभर बाजूस ठेवावी, कारण माणसाच्या अंगापासून दूर हा किडा दोनतीन दिवसांहून अधिक सहसा जगत नाही. सात दिवसांनी हाच विधी पुन्हा एकदा करावा. दोन महिन्यांच्या आतील बालक किंवा गर्भवती स्त्री घरात असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे. पोटात घ्यावयाच्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्याही आहेत, पण त्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनीच द्यावयाच्या असतात. 15 किलोहून कमी वजनाच्या मुलास आणि गर्भवतीस त्या देत नाहीत.

औषधानंतरही खाज दोन ते चार आठवडे टिकते. किडे मेलेले असतात, पण त्वचेची चिडलेली स्थिती ओसरण्यास वेळ लागतो. लोक येथे फसतात. औषध लागू पडले नाही असे समजून रोज मलम चोळतात, आणि त्यानेच कातडी सोलवटून निघते. मुलाच्या शाळेचे म्हणाल तर रात्री औषध लागले की दुसऱ्या दिवशी मूल वर्गात बसण्यास हरकत नाही. त्यास आठवडा आठवडा घरी ठेवण्याचे काहीही कारण नाही. जुन्या लोकांचा गंधक खोबरेलात कालवून लावण्याचा उपाय अगदीच टाकाऊ नव्हता. गंधकाचे मलम वैद्यकात आजही काही प्रसंगी वापरतात. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने स्नान घालण्यास आमचा विरोध नाही, मात्र तेवढ्यावर भिस्त ठेवू नये.

खाजवून खाजवून नखांनी कातडी फाटते, जखमेत पू होतो, आणि मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात. मुलांच्या नाकाखाली, हनुवटीवर व पायांवर अशा खपल्या खरजेवाचूनही होतात. याकडे फोड म्हणून दुर्लक्ष करू नये. या पुवातील काही जंतूंमुळे दोनतीन आठवड्यांनंतर मूत्रपिंडास सूज येऊ शकते. पायांवर फोड होऊन गेलेल्या मुलाचे तोंड किंवा डोळे सकाळी सुजलेले दिसले, अथवा लघवी काळ्या चहासारखी होते असे ते म्हणाले, तर त्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. फोड साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवावेत व स्वच्छ फडक्याने झाकावेत. चुना, तंबाखू, राख, शेण यांपैकी काहीही जखमेस लावू देऊ नये. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी शाळेच्या वयातच द्यावयाची असते. तिची नोंद तपासून पाहावी.

दुसरा नित्याचा विकार गजकर्ण किंवा नायटा. ही एक प्रकारची बुरशी होय. हिचा चट्टा वाटोळा असतो. कड लालसर, उंच व खवल्यांची, आणि मध्यभाग त्यामानाने स्वच्छ. पावसाळ्यात ओले, घट्ट कपडे अंगावर वाळू दिल्याने, एकमेकांचे टॉवेल व कपडे वापरल्याने ती पसरते. तीस वर्षांपूर्वी नायट्याचे रोगी साध्या मलमाने तीनचार आठवड्यांत बरे होत. अलीकडे मात्र महिनोन्‌महिने न हटणारे, सर्व घरास लागलेले नायटे आम्ही पाहतो. याचे एक मोठे कारण गावोगावच्या दुकानांत मिळणाऱ्या मिश्र मलमांच्या नळ्या हे आहे. या नळ्यांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. ते लावताच दोन दिवसांत खाज व लाली जाते, मनुष्य खूष होतो व लावणे थांबवितो. खाली बुरशी मात्र स्टेरॉइडच्या आश्रयाने फोफावते, तिची वाटोळी कड मोडते, आणि पुढे डॉक्टरांसही ती चटकन ओळखू येत नाही. दीर्घकाळ वापरल्याने कातडी पातळ होते व मांडीवर, काखेत पांढरे वण उमटतात. केंद्र सरकारने 2018 साली अशी चौदा स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकता येऊ नयेत असा नियम केला. नियम चांगला आहे. परंतु बाजाराच्या दिवशी नळी मागितली की मिळते, हे आपण सर्व जाणतो. चेहरा गोरा करण्यासाठी हीच मलमे मुली वापरतात, तेही शिक्षिकांनी ध्यानात ठेवावे. नायट्याचे औषध चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस चालू ठेवावयाचे असते. डोक्यात नायटा होऊन केस तुटून टक्कल पडले असेल तर वरून लावण्याच्या मलमाने भागत नाही, काही आठवडे पोटात औषध घ्यावे लागते.

उवांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उवा घाणीने होत नाहीत. स्वच्छ धुतलेल्या केसांतही त्या तितक्याच आनंदाने राहतात. डोक्यास डोके लागले की त्या जातात, आणि मुली खेळताना, गुजगोष्टी करताना डोकी जवळ आणणारच. तेव्हा उवा झालेल्या मुलीस वेगळ्या बाकावर बसविणे किंवा तिचे केस कापवणे यांतून लज्जेवाचून काही निष्पन्न होत नाही. केस ओले करून, तेल लावून, बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावेत आणि दर तीनचार दिवसांनी दोन आठवडे हे चालू ठेवावे. कारण लिखांतून नव्या उवा निघण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. एक टक्का परमेथ्रिनचे औषधही मिळते. रॉकेल डोक्यास चोळण्याची चाल मात्र अत्यंत धोक्याची. चुलीशेजारी बसलेल्या मुलीच्या डोक्यावर रॉकेल आहे, याची कल्पना केली तरी पुरे.

आता पांढऱ्या चट्ट्यांकडे वळू. यात शिक्षकाच्या नजरेवर फार काही अवलंबून असते.

हिवाळ्यात मुलांच्या गालांवर फिकट, किंचित खवल्यांचे, अस्पष्ट कडेचे चट्टे दिसतात. पोटात जंत झाले म्हणून ते आले असे लोक म्हणतात. जंतांचा व या चट्ट्यांचा संबंध नाही. शाळेत वाटली जाणारी जंताची गोळी मुलाने अवश्य घ्यावी, पण ती जंतांसाठी. हे चट्टे कोरड्या त्वचेचे असतात. खोबरेल लावल्याने कातडी मऊ राहते व काही महिन्यांत ते आपोआप जातात. दुसरा प्रकार कोडाचा. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा शुभ्र असतो, त्यावर स्पर्श पूर्ववत कळतो, आणि तो कोणापासून कोणास लागत नाही. कोड असलेल्या मुलास पाण्याचा पेला वेगळा ठेवणारे घर किंवा शाळा निव्वळ अज्ञानाने वागत असते.

तिसरा प्रकार कुष्ठरोगाचा. त्याचा डाग पांढरा शुभ्र नसतो, आसपासच्या कातडीहून फिकट किंवा लालसर असतो. तो खाजत नाही, दुखत नाही, आणि त्या जागी स्पर्श, ऊन, थंड कळेनासे होते. दुखत नसल्यामुळेच तो दाखविला जात नाही. या रोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सेन यांनी 1873 साली शोधला. तो पूर्वजन्मीचे पाप नव्हे की वंशपरंपरेचा शाप नव्हे. आपल्या महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापिली, त्या वेळी या रोगावर खात्रीचे असे फार थोडे उपाय होते. 1983 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आले, आणि चित्र पालटले. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने औषध घेतले की रोग बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. आणि उपचार सुरू झाल्यावर लौकरच रोग्यापासून इतरांस लागण होण्याचा धोका उरत नाही. बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूस तोंड देण्याची शक्ती निसर्गतःच असते. मूल औषध घेत असता शाळेत येऊ शकते, पंगतीत जेवू शकते. उपचार लांबले तर मात्र मज्जातंतू निकामी होऊन बोटे वाकतात, आणि तशी वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका शिक्षिकेने पाहिले की, पाचवीतील एक मुलगी खिचडीच्या तापलेल्या पातेल्यावरचे झाकण डाव्या हाताने सहज उचलते आणि तिला चटका बसत नाही. बाकीच्या मुली तिचे कौतुक करीत. बाईंना ते कौतुकाचे वाटले नाही. त्यांनी मुलीस एकांतात बोलावून हात पाहिला. करंगळीवर भाजल्याचा जुना वण होता व कोपराखाली एक फिकट चट्टा होता. त्यांनी वर्गात काही बोलून दाखविले नाही, मुख्याध्यापकांव्यतिरिक्त कोणास काही सांगितले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलीच्या आईस घेऊन त्या स्वतः आरोग्य केंद्रात आल्या. डॉक्टरांनी तपासून बारा महिन्यांचे औषध सुरू केले, करंगळीत थोडी दुर्बलता आली होती तिच्यासाठी व्यायाम शिकविला. औषध दरमहा उपकेंद्रातून माझ्या हातून जात असे. वर्गातील एकाही मुलास ते कधी कळले नाही. सातवी झाली तेव्हा ती मुलगी त्याच हाताने शिवणयंत्रावर काम शिकत होती. बाईंनी निदान केले नाही, औषध दिले नाही; त्यांनी फक्त पाहिले आणि तोंड बंद ठेवले. याहून अधिक मदत मला कोणत्याही शिक्षकाकडून झालेली नाही.

तेव्हा बधिर वाटणारा डाग, न कळत भाजणे, पायातील चप्पल निसटणे व ते ध्यानात न येणे, करंगळी बाजूस राहणे, अशा गोष्टी दिसल्यास मुलास वर्गात टाचणी टोचून परीक्षा घेत बसू नये. रोगाचे नाव उच्चारू नये. आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविका यांस खाजगीत सांगावे, आणि मूल तपासणीस पोचले की नाही याचा आठवड्याने पाठपुरावा करावा. नाहीतर पुष्कळ कागद कपाटातच पोचतात.

बाकीच्या किरकोळ गोष्टी थोडक्यात. पावसाळ्यातील चिखल्यांसाठी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे हाच अर्धा उपाय. घामोळ्यांस सैल सुती कपडे व गार पाणी. पावडरीचे थर नकोत. चामखीळ मुलांत बहुधा वर्षादोनवर्षांत आपोआप जाते. तिला घोड्याच्या केसाने बांधणे किंवा ब्लेडने कापणे नको. अंगावर एकाएकी पित्ताच्या गांधी उठून त्याबरोबर ओठ सुजले किंवा दम लागला तर मात्र वाट पाहू नये, मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

शाळेत औषधांच्या नळ्यांचा साठा करू नये. साबण, पाणी, दोन नेलकटर व स्वच्छ कापडाच्या पट्ट्या एवढे सामान असावे. नेलकटर वापरल्यावर साबणाने धुऊन पुसावे. शनिवारची नखतपासणी ही जुनी व चांगली प्रथा आहे. फक्त ती रांगेत उभे करून, अस्वच्छ मुलास पुढे बोलावून हसे करण्याची नसावी. ज्याच्या घरी पाणी दोन मैलांवरून येते त्याच्या नखांत माती असणारच. मुलास शाळेच्या नळावर हात धुऊ द्यावेत व तेथेच नखे कापू द्यावीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तेव्हापासून आरोग्यपथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. त्या दिवशी पटावरील जी मुले गैरहजर असतात त्यांत खाजणारी, फोड झालेली, डाग लपविणारी मुले नेमकी असतात असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पथकाची गाडी निघण्यापूर्वी गैरहजर मुलांची नावे, वस्ती व घरातील माणसांची संख्या एका कागदावर लिहून तो कागद परिचारिकेच्या हातात द्यावा. दुपारनंतर ती त्या वस्तीवरून परतू शकते.